काळी तीनची झीज

पेटी दुरुस्त करणाऱ्यानं वरची फळी काढून बाजूला ठेवली, पट्ट्यांवरून अंगठा फिरवला आणि मान वर न करताच म्हणाला, "ताई, आईची पेटी म्हणलालाव, पण हे तर काळी एकला वाजवलेली पेटी हाय बगा." त्याच्या दृष्टीनं हिशेब सोपा होता. काळी एक, म्हणजे सप्तकातल्या पहिल्या काळ्या पट्टीवर सा धरणं, ही साधारण पुरुषांची पट्टी. बायकांचा गळा काळी चारच्या, फार तर काळी पाचच्या आसपास बसतो. आई काळी चारला गायची, हे अख्ख्या भजनी मंडळाला माहीत आहे. मग तिच्याशिवाय कुणीच हात न लावलेली पेटी दुसऱ्याच्याच पट्टीत कशी झिजली? तो भाता उकलायच्या कामाला लागला आणि ते वाक्य विसरलाही असेल. घरात मात्र ते बरेच दिवस फिरत राहिलं. बहीण म्हणाली, "बघ, स्वतःसाठी कधी वाजवलंच नाही तिनं." असं वाक्य आईच्या पश्चात फार पटकन सुचतं. आईचं नाव निघालं की त्याग हा शब्द आधीच येऊन दारात उभा असतो. पण झीज ही वस्तू भावनेच्या भरात वाचायची नसते, ती पट्टीपट्टीनं वाचावी लागते.

काळी एकला सा धरला तर शुद्ध स्वरांचं सप्तक असं पडतं: रे काळी दोनवर, ग पांढरी चारवर, म काळी तीनवर, प काळी चारवर, ध काळी पाचवर आणि नी पांढरी एकवर. आता सा काळी चारवर न्या. रे काळी पाच, ग पांढरी एक, म काळी एक, प काळी दोन, ध पांढरी चार, नी पांढरी पाच. दोन्ही सप्तकं शेजारी ठेवली की दिसतं, सातातल्या सहा पट्ट्या त्याच आहेत. पुरुषाचा पंचम म्हणजे प, तोच बाईचा षड्ज म्हणजे सा. फरक पडतो एकाच जागी: काळी एकवाल्याला मध्यमासाठी काळी तीन लागते, काळी चारवालीला निषादासाठी पांढरी पाच. आईच्या पेटीत काळी तीनचा कडेचा काळा रंग उडून आतलं लाकूड दिसत होतं आणि पांढरी पाच जवळजवळ नवी होती. दुरुस्तीवाल्यानं हेच पाहिलं. इतक्या झटक्यात पाहिलं, म्हणजे माणूस जाणता खरा.

पण काळी चारला कोमल निषाद, म्हणजे अर्धा सूर उतरलेला नी, कुठे येतो? काळी तीनवरच.

आणि आईचा सराव म्हणजे काफी, भैरवी अशा अंगाची पदं. मूळ काफी आणि भैरवीत तर शुद्ध निषादाचं सहसा काम पडत नाही. तेव्हा काळी तीन बाबांच्या आरतीनं झिजली की आईच्या पदांनी, हे नुसती पट्टी पाहून सांगता येत नाही. त्यात तिसरी गोष्ट अशी, की साठी ओलांडल्यावर बाबांचा आवाज उतरला. सूर खाली आला म्हणजे माणूस बेसूर होतो असं नाही, त्याची बसायची जागा बदलते. बाबांची ती काळी एकवरून पांढरी सातवर आली. ते नेहमीसारखे डोळे मिटून आरती सुरू करायचे आणि पहिली ओळ संपायच्या आत आईनं त्यांचा सा हुडकलेला असायचा. पांढरी सातला पंचम येतो तो पुन्हा काळी तीनवर. एकाच पट्टीवर नवऱ्याचा मध्यम, स्वतःचा कोमल निषाद आणि म्हाताऱ्या नवऱ्याचा पंचम. आवाज उतरलाय, हे बाबांना शेवटपर्यंत कळलं नाही. त्यांना वाटे, आपण होतो तिथेच आहोत.

पट्टी बदलणं ऐकणाऱ्याला सोपं वाटतं. आईची पेटी साधी, डबल सुराची, खर्ज-नर, म्हणजे प्रत्येक पट्टीला एक खालचा आणि एक मधला असे दोन सूर. स्केलचेंजर असता तर पट्ट्यांची अख्खी फळी सरकवून बोटं तीच ठेवता आली असती. साध्या पेटीत सा सरकला की बोटांचा सगळा रस्ता बदलतो. काळी एकला सुरुवातच काळ्या पट्टीवरून होते, मनगट उंच राहतं, अंगठा फक्त ग आणि नीला खाली उतरतो. पांढरी सातला अंगठा सावर आणि मवर येतो, मनगट खाली बसवावं लागतं. उतारवयात, संधिवाताच्या बोटांनी हे नव्यानं बसवायचं. शिवाय साथीच्या सुराची अडचण. अशा पेट्यांत समोरच्या खुंट्या ओढून जे खडे सूर लावतात ते बहुधा काळ्या पाचांचेच असतात. काळी एक, काळी चारला खुंटी ओढली की काम झालं, पांढरी सातसाठी खुंटीच नाही. त्यावर आईनं काढलेला तोड म्हणजे आगपेटीची काडी. डावीकडची पांढरी सात दाबायची आणि तिच्या शेजारच्या फटीत अर्धी काडी तिरपी खोचायची. पट्टी खाली अडकते आणि सूर भरत राहतो. काडी फार आत गेली तर शेजारची पट्टीही अडकते, सैल बसली तर आरतीच्या मध्येच उडते. त्या पट्टीच्या कडेला खाच पडली आहे. दुरुस्तीवाल्यानं विचारलं, उंदरानं कुरतडलं का?

पेटीच्या पोटातून निघालेला कचरा हा आणखी एक इतिहास. आमचं घर सोलापूरच्या पूर्व भागात, दाजी पेठेच्या बाजूला, चारी अंगांनी यंत्रमाग. सोलापुरी चादर आणि टॉवेल जगाला दिसतात, कापसाची तूस आमच्या घरात बसते. भाता ओढला की हवा मागून आत जाते, तिच्याबरोबर तूसही जाते आणि पितळी सुराच्या जिभेखाली जाऊन बसते. मग सूर एक तर मुका होतो, नाहीतर कण्हत बोलतो. यावर फुंकर मारायची नाही, ओलाव्यानं तूस जास्तच चिकटते. पातळ पातं जिभेखाली सरकवून ती अलगद उचलायची, तूस मऊ ब्रशनं काढायची, जीभ वाकू द्यायची नाही. सूर उतरला असेल तर जिभेच्या टोकाला कानस लावली की चढतो, बुडाशी खरवडलं की उतरतो. पण एकदा घासलेलं पितळ परत येत नाही, म्हणून जाणता माणूस आधी नुसतं साफ करून बघतो. सोलापूरच्या पेट्यांना दुसरा शत्रू उन्हाळा. कोकणात लाकूड फुगून पट्ट्या अडकतात, आमच्याकडे मे महिन्यात लाकूड आकसतं, भात्याचं चामडं कडक होतं, सांधे उघडतात आणि हवा गळायला लागते. सगळ्या पट्ट्या सोडून, खुंट्या बंद करून भाता भरावा आणि थांबावं. आतला भाता हळूहळू बसला तर ठीक, भस्सकन बसला तर गळती. आई एप्रिल लागला की पेटीवर जुनं सोलापुरी ब्लँकेट घालायची, आणि शेजारी पाण्यानं भरलेलं तांब्याचं भांडं ठेवायची. पाहुणे ते देवाचं समजून नमस्कार करायचे. ती त्यांना अडवत नसे.

तानपुरा तिच्याकडे कधी आला नाही. मिरजेच्या तानपुऱ्याचे भोपळे पिकतात आमच्याच जिल्ह्यात, भीमेच्या अंगाला, मंगळवेढा-पंढरपूरच्या बाजूला. कडू भोपळा, खायच्या कामाचा नाही. पिकतो इथे आणि गातो दुसरीकडे. पेटीवर १९४० ते १९७१ आकाशवाणीनं बंदी घातली होती. तिचे सूर पक्के, एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारी मिंड निघत नाही, सुरांमधल्या बारीक श्रुती धरत नाही, हे आक्षेप खरेही होते. पण भजनी मंडळातल्या बायकांना त्या वादात पडायला सवड नव्हती. चार भाषांतल्या चार बायकांना एका सुरावर आणायचं तर पेटीच लागते.

चार भाषा हे अलंकारिक नाही. आईचं माहेर अक्कलकोट तालुक्यातलं, घरात कन्नड, शाळा मराठी. लग्नानंतर सासर मराठी आणि भिंतीला भिंत लावून तेलुगू. शेजारच्या अक्का विड्या वळता वळता बोलायच्या आणि आई डाळ निवडता निवडता ऐकायची, त्यातून तेलुगू आली. बांगड्यावाल्या चाचींकडून दख्खनी उर्दू. सोलापुरात हे कौतुकाचं नाही, पेठेपेठेला अशा बायका आहेत. बहुतेकींचं काम बाजारापुरतं आणि भांडणापुरतं भागतं. आईला गायचं होतं. दुसऱ्याच्या भाषेत बोलताना चूक झाली तर समोरचा समजून घेतो, देवापुढे दुसऱ्याच्या भाषेत चुकीचं गायलं तर ज्याची भाषा आहे त्याचं तोंड वाकडं होतं, असं ती म्हणे. देवाचं होत नसेल.

म्हणून ती वही. लांब आडव्या रेघांची, पुठ्ठ्याला शिवणीच्या दोऱ्यानं टाके घातलेली. सगळी पदं देवनागरीत, निळ्या शाईनं. प्रत्येक पदाच्या डोक्यावर कोपऱ्यात तीन गोष्टी: कोण गाणार त्या बाईची खूण, तिची पट्टी, ठेका. 'का. ५, केरवा'. 'पां. ५, भजनी'. मंडळात एका पट्टीत सगळ्यांना गायला लावणं हा पेटीवालीचा आळस, असं तिचं स्वच्छ मत होतं. जिचा गळा जिथे बसतो तिथे पेटी गेली पाहिजे, गळा पेटीकडे ओढून आणला तर अंतऱ्याला बाई किंचाळते, आणि मग बोल बाईला लागतो. मंडळाची पेटी वेगळी, देवळातच ठेवलेली. या सगळ्या पट्ट्या तिनं त्या पेटीवर हिंडून पाहिल्या. घरच्या पेटीवर आरती आणि स्वतःचा सराव, एवढंच.

निळ्या अक्षरांवर लाल खुणा आहेत, आणि वहीची सगळी गोम त्यांत आहे. कन्नड आणि तेलुगूत ए आणि ओ दोन-दोन आहेत, ऱ्हस्व आणि दीर्घ. मराठीच्या लेखनात ही सोय नाही. 'कोडु' असं लिहिलं की मराठी बाई ते दीर्घच म्हणणार. ऱ्हस्व म्हटलं तर कन्नडमध्ये 'दे', दीर्घ म्हटलं तर 'शिंग'. कृपा कर म्हणून हात जोडायचे आणि मागायचं शिंग. आई ऱ्हस्वाच्या डोक्यावर लाल आडवी रेघ मारायची. दुसरी खूण शब्दाच्या शेवटी, छोटा लाल ठिपका. मराठी जीभ शेवटचा अ गिळते. पुरंदरदासांची पदं 'पुरंदर विठ्ठल' या मुद्रेनं, म्हणजे कवीच्या ओळखीच्या नावानं, संपतात. कन्नडमध्ये त्यात सात अक्षरं पुरती वाजतात, आपण बोलण्याच्या सवयीनं 'पुरंदर् विठ्ठल्' म्हणून पाचात उरकतो. पुढची दोन अक्षरांची जागा मोकळी राहते, ढोलकीवाली पुढे जाते, टाळ मागे राहतो, आणि मुद्रेच्या ओळीवरच, जिथे सगळ्यांनी एकत्र यायचं तिथेच, भजन विस्कटतं. बायकांना वाटतं ताल चुकला. ताल चुकलेला नसतो, जीभ चुकलेली असते. हा ठिपका सिद्धरामेश्वरांच्या वचनांखालीही आहे, 'कपिलसिद्धमल्लिकार्जुन' या अंकिताच्या, म्हणजे त्यांच्या मुद्रेच्या, शेवटी, जाड गिरवलेला. संतकवी अन्नमाचार्यांच्या तेलुगू पदांत तर ठिपक्यांची रांगच लागते. तेलुगू शब्द स्वरावरच विसावतो, त्याला व्यंजनावर थांबवलं की तो अडखळल्यासारखा वाटतो.

स्वतःची मराठीही तिनं अशीच घोटली होती. 'चार' आणि 'चारा' यांतले दोन च वेगळे ठेवायला माहेरच्या जिभेला वेळ लागतो. सासूबाईंनी एकदा चारचौघीत नक्कल केली होती म्हणतात. तेव्हापासून आमच्या घरात कुणाच्याही उच्चाराची नक्कल करायला बंदी. दुरुस्ती मात्र सतत. जेवताना, झोपताना, दारात चपला घालताना. भावाचं लग्न ठरलं तेव्हा होणाऱ्या वहिनींनी पहिल्याच भेटीत आरती म्हटली आणि आईनं तिसऱ्या कडव्यातला शब्द सुधारून दिला. प्रेमळ होती, पण कौतुक करायची रीत तिला नव्हती. चांगलं झालं की ती गप्प बसायची. ती गप्प बसली म्हणून कुणाला आनंद झालाय, हे बाहेरच्याला कसं कळणार? घरातल्यांनाही ते उशिरा कळलं, आणि काहींना अजून पटलेलं नाही.

जानेवारीत सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेला तिची चारही दारं एकदम उघडायची. भोगीला अडुसष्ट लिंगांना तैलाभिषेक, घरी तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि भोगीची मिसळभाजी. दुसऱ्या दिवशी संमती कट्ट्याजवळ गर्दीत उभं राहायचं. बाराबंदीतले मानकरी सात नंदीध्वज पेलून आणतात, प्रतीकात्मक लग्नाची संमती वाचली जाते, 'सत्यम सत्यम' झालं की लाखभर हातांतून अक्षता उडतात. संमती कन्नडमध्ये. गर्दीतल्या कितीतरी जणांना त्यातलं एक वाक्य कळत नाही, तरी अक्षता कधी टाकायच्या हे कुणाचं चुकत नाही. आईला याची मोठी गंमत वाटायची. आवाज न करता तिचे ओठ संमतीबरोबर हलत राहायचे आणि शेवटी 'हर्र बोला हर्र' मात्र बेंबीच्या देठापासून. श्रावणात नारळी पौर्णिमेला मार्कंडेयांचा रथ निघाला की शेजारच्या अक्कांबरोबर हीच बाई तेलुगूत पुटपुटत कडेला उभी. भक्ती कुणाची आणि सण कुणाचा, हा प्रश्न तिला कधी पडलेला दिसला नाही. तिला प्रश्न पडायचा उच्चाराचा.

पेटीकडे परत यायचं तर, तिच्या झिजेचा निकाल काळी तीनवर लागलाच नाही, तो पांढरी दोनवर लागला. भजन असो की घरातला सराव, शेवट भैरवीनं. काळी एकला भैरवी वाजवली तर कोमल रिषभ पांढरी दोनवर येतो, त्याला टाळून भैरवी होत नाही. काळी चारला भैरवी वाजवली तर रिषभ पांढरी सहावर जातो आणि पांढरी दोनला बोट लावायची गरजच उरत नाही. बाकीच्या भैरवीच्या पट्ट्या दोन्हीकडे जवळजवळ सारख्या. आणि आईच्या पेटीत पांढरी दोन कोरी आहे. पांढरी सहा आणि पांढरी तीन पिवळ्या पडून मध्ये खोलगट झाल्या आहेत. म्हणजे रोजची आरती बाबांच्या पट्टीत, आणि आरतीनंतर बाबा उठून टीव्हीकडे गेल्यावर जी भैरवी व्हायची ती तिच्या. बहिणीला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, तुला पट्ट्या मोजून आई कळते. तसं नाही. पण साथ करणं म्हणजे स्वतःला पुसून टाकणं, हे ज्यांनी कधी साथ केली नाही त्यांचं मत असतं. दुसऱ्याचा सा एका ओळीत हुडकणं हे कसब आहे, आणि कसबाचा माज तिला थोडा होताच. बाबांच्या सुरुवातीला तिच्या ओठांच्या कोपऱ्यात काय यायचं ते आम्ही पाहिलं आहे.

दुरुस्तीवाल्यानं सांगितलं की पट्ट्यांखालचं फेल्ट आणि चामडं झिजलंय तेवढंच बदललं तर बोटाला खालीवर लागेल, सगळंच बदलू. बरोबर होतं ते. स्प्रिंगाही नव्या घातल्या. वरच्या पट्ट्या मात्र तशाच ठेवायला सांगितलं. काळी तीनवर रंग मारू नका म्हटल्यावर त्यानं खांदे उडवले. पेटी आता मंडळात गेली आहे, जुनीच्या शेजारी.

वहीचं काम वेगळंच निघालं. मंडळातल्या एका कॉलेजच्या मुलीनं सगळी पदं मोबाईलवर टाइप करून ग्रुपवर टाकायचं मनावर घेतलं. तिच्या मराठी कळफलकावर ऱ्हस्व ए आणि ऱ्हस्व ओ सापडेनात. देवनागरीत तशी चिन्हं आहेत, ऎ आणि ऒ, पण ती रोजच्या वापरातली नसल्यानं हाताशी नसतात. शोधून घातली तर ज्येष्ठ मंडळींच्या फोनवर काही ठिकाणी चौकोन दिसले आणि जिथे नीट दिसली तिथे 'हा ए मोडलाय का ग?' असे फोन आले. शेवटी ठरलं, टायपिंग नको, वहीच झेरॉक्स करू. चौकातल्या दुकानात काढलेल्या प्रतींत लाल खुणा काळ्या आल्या आणि निळी अक्षरंही काळी. ऱ्हस्वाची रेघ शिरोरेघेत मिसळली, ठिपका कुठे पूर्णविरामासारखा, कुठे कागदावरच्या डागासारखा. रंगीत प्रतींचा खर्च मंडळाच्या डब्यातल्या पैशांत बसत नाही. त्यामुळे सध्या गुरुवारी भजनाआधी अर्धा तास ती मुलगी आणि शेजारच्या अक्का मूळ वही मध्ये ठेवून बसतात, आणि एकेका प्रतीवर लाल पेनानं खुणा परत मारतात. अक्का वाचून दाखवतात, मुलगी मारते. कन्नड पानं झाली आहेत. तेलुगूची सुरू आहेत आणि तिथे अक्कांनी दोन ठिकाणी आईची खूण चूक ठरवली आहे. मुलगी म्हणते, वहीत आहे तसंच ठेवू. अक्का म्हणतात, भाषा माझी आहे.